पंधराव्या ओळीचा हातगुण

जाफराबादच्या पुढे एका गावात आमच्या कंपनीसाठी टोमॅटोचं बियाणं पिकवणारं एक शेडनेट, म्हणजे जाळीनं बंद केलेलं शेत, होतं. त्यात पंधरा ओळी होत्या, आणि पंधराव्या ओळीत फळ धरत नाही असं सगळे म्हणायचे. ते खोटंही नव्हतं. चार हंगाम मी स्वतः त्या ओळीची फळं मोजली आहेत. चौथ्या हंगामात त्या ओळीवर काम करणाऱ्या बाईची जागा जायची वेळ आली, आणि ती वेळ माझ्या एका तक्त्यामुळे आली. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे लपवावंसं वाटणार नाही.

जालन्यात वाढलेल्या माणसाला बियाण्याचं काही सांगावं लागत नाही. इथे घरटी एक तरी माणूस कुठल्या तरी बियाणे कंपनीत असतो. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. संकरित बियाणं म्हणजे एका जातीच्या मादी झाडावर दुसऱ्या जातीचा नर. टोमॅटोचं फूल आपलं आपणच फळतं, त्याला दुसऱ्याची गरज नसते. म्हणून ते उमलायच्या आदल्या दुपारी कळी उघडायची आणि चिमट्यानं आतला पिवळा नरभाग काढून टाकायचा. दुसऱ्या सकाळी उरलेल्या हिरव्या टोकाला नर जातीची पावडर लावायची. पावडर म्हणजे परागकण. नराची फुलं तोडून, रात्रभर बल्बखाली वाळवून, मलमलच्या फडक्यातून चाळली की चिमूटभर पिवळसर पूड मिळते. ती स्टीलच्या डबीत ठेवतात. प्रत्येक बाईच्या बोटात प्लास्टिकची एक अंगठी असते, तिला खड्याच्या जागी इवलीशी वाटी. त्या वाटीत पावडर भरायची आणि एकेका फुलाचं टोक त्यात बुडवत ओळीच्या शेवटापर्यंत जायचं. बुडवून झालं की फुलामागची दोन हिरवी पानं तोडायची, ती खूण. लागण झाली तर आठवड्यात तिथे वाटाण्याएवढं फळ दिसतं. नाही झाली तर देठाला बोटाच्या पेरासारखा जो सांधा असतो तो पिवळा पडतो, आणि फूल तिथून सुटतं.

माझं काम मोजण्याचं. किती बुडवली, किती धरली, किती गळली. मला बोलण्यापेक्षा मोजणं जमतं. शाळा इंग्रजी, घर मस्तगडात, मैत्रिणी दोन. खेड्यातल्या पंधरा बायांसमोर मी पहिल्या दिवशी उभी राहिले ती वही छातीशी धरून.

शेडनेटच्या आत वारा नसतो. एक माशी शिरू नये म्हणून एकामागे एक दोन दारं असतात. पहिलं लावून घेतल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, आणि दोहोंच्या मध्ये उभं राहून कपडे झटकायचे. आत उजेड दुधी, सावली पडत नाही. बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, डोक्याला आणि तोंडाला रुमाल गुंडाळतात. टोमॅटोच्या पाल्याचा हिरवट काळा थर हातांवर चढतो, तो दुपारपर्यंत मनगटापर्यंत जातो. मग कोणती बाई कोण हे मला सांगता यायचं नाही. सगळ्यांचे हात एकाच रंगाचे. मी त्यांना ओळीच्या आकड्यावरून ओळखायचे.

तेव्हाच्या मुकादमीण होत्या गयाबाई. गावातल्या जुन्या जमीनदार घरातल्या, स्वतःची शेती असलेल्या, तरी हाताला काम हवं म्हणून येणाऱ्या. मी त्यांना गयामावशी म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पोरी, नाव काय?"

मी नाव सांगितलं.

"आन् म्होरं?"

"एवढंच."

"आता! आडनाव बी कंपनीनं काढून घेतलं का काय हिचं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण आडनाव सांगितलं नाही. त्या काय विचारून राहिल्या आहेत ते मला कळत होतं. पाण्याची बाटली मी घरून आणायचे, कारण माझं पोट लगेच बिघडतं. आठवड्याने कळलं की मॅडमला आपलं पाणी चालत नाही असा अर्थ लागला आहे. तो अर्थ मी कधी खोडला नाही. लाजाळू माणसाचं न बोलणं समोरच्याला काय सांगत असतं, हे मला फार उशिरा कळलं.

रोज साडेआठला आतल्या दाराशी गयामावशी डबी उघडून बसायच्या आणि बाया अंगठ्या भरून घ्यायच्या. एक बाई नेहमी शेवटी असायची. मला वाटलं, तिला यायला उशीर होतो. मग एक दिवस मी लवकर गेले तर ती सगळ्यांच्या आधी येऊन शेवटच्या खांबाला टेकून उभी होती. सगळ्यांचं झाल्यावर ती पुढे आली, मावशींनी डबी तिच्या अंगठीवर तिरकी केली, बुडावर दोन टिचक्या मारल्या. ती पंधराव्या ओळीकडे निघून गेली. ती शमीम. गावातल्या मोमिन गल्लीतली, चाळिशीची, सगळ्यांत चपळ बोटांची.

मी मावशींना विचारलं.

"तिच्या हातानं फळ धरत न्हाई," मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तिचा दोष न्हाई त्यो. हातच तसाय. आपण आपलं जपावं."

"म्हणजे?"

"म्हंजे तिच्या मागून डबीत कुणी अंगठी बुडवत न्हाई. हातगुण असतो पोरी. शाळंत न्हाई शिकवत हे."

"आणि शमीमच्या आधी पंधरावर कोण होतं?"

"कौसा होती की. नवरा गेल्ता तिचा. तिच्या आधी तांड्यावरची एक होती, नाव न्हाई आता ध्यानात."

"मग कौसाबाईंचं काय झालं?"

"काय व्हायचंय? शमीम आली, कौसाचा हात सुधरला."

सहाव्या ओळीतून कौसाबाई ओरडल्या, "एक फूल गळत न्हाई आता माजं! मोजा मॅडम, मोजून घ्या!"

पुन्हा सगळ्या हसल्या. पंधराव्या ओळीतलीही हसली, हे मला आठवतं. कारण तिचे हात हसताना थांबले नव्हते.

घरी मी हे गमतीनं सांगितलं. पण शुक्रवारी मोजायला गेले तेव्हा पंधराव्या ओळीत खाली मातीवर पिवळ्या सांध्याची फुलं पडलेली होती, आणि चौदाव्या ओळीत जवळजवळ नव्हती. मी खाली बसून बघत राहिले. आत इतकी शांतता असते की फूल सुटल्याचा आवाज येतो. आवाज म्हणण्याइतका तो नसतोच. कोणी तरी मागे कागदाचा कपटा टाकावा तसं वाटतं. वळून पाहिलं तर कोणी नसतं. तोवर दुसरं सुटतं.

मी अहवालात लिहिलं की पश्चिमेची बाजू तापते. कंपनीनं त्या बाजूला दुहेरी जाळी लावली. पुढच्या हंगामात फुलं तशीच गळली. त्याच्या पुढच्याही. मी पुन्हा उष्णता लिहिलं आणि तो विषय मनातून काढून टाकला. ओळ निम्म्यावर आली तरी बाकीच्या चौदा भरत होत्या, त्यामुळे कोणाला घाई नव्हती.

तीन हंगामांत बाया बदलल्या. कोणी मुलाकडे पुण्याला गेली, कोणी एमआयडीसीत लागली. गयामावशींचे गुडघे गेले, त्या घरी बसल्या. मोमिन गल्लीतल्या बाया मात्र वाढत गेल्या, कारण शमीम त्यांना आणायची आणि शिकवायची. चौथ्या हंगामात आमच्या साहेबांनी तिलाच मुकादमीण केलं. डबी तिच्या हातात आली. मी तिला शमीमखाला म्हणायला लागले आणि ती मला कधी मॅडम, कधी बेटा. मला मनापासून बरं वाटलं होतं. आता शेवटची अंगठी हा प्रकार संपला, असं मी गृहीत धरलं.

त्याच हंगामात सुखमती आली. खंडव्याकडच्या डोंगरातली, आदिवासी. नवरा शेडनेटची राखण आणि ठिबकची मोटर बघणार, ती फुलं बुडवायचं क्रॉसिंग करणार, अशा बोलीवर शेतमालकानं दोघांना ठेवलं होतं. नेटला लागून पत्र्याची एक खोली होती, ती त्यांना दिली. बोलणं स्पष्ट होतं: दोघांचं काम असेल तर खोली. तिला पाचवा महिना होता. आधीच्या ठिकाणी ते उसाच्या फडात पालाखाली राहिले होते. या खोलीला दार होतं, आतून लागणारी कडी होती. ती कडी तिनं मला दोनदा लावून दाखवली.

एका सकाळी मला यायला पावणेनऊ झाले. बाहेरचं दार लावून मी दोन दारांच्या मध्ये कपडे झटकत होते, आणि आतून गयामावशींचा आवाज आला.

"तिच्या हातानं फळ धरत न्हाई. तिचा दोष न्हाई त्यो. हातच तसाय. आपण आपलं जपावं."

मावशी तेव्हा जालन्याला दवाखान्यात होत्या. आदल्याच संध्याकाळी मी त्यांना भेटून आले होते. मी त्या अरुंद जागेत उभी राहिले. जाळीतून पलीकडच्या आकृत्या पांढुरक्या दिसत होत्या, सगळ्यांची डोकी सारखी बांधलेली. मग दुसरं दार उघडलं. बाया वळून माझ्याकडे बघत होत्या. तोंडांवर रुमाल. मावशी नव्हत्या.

"कोण बोललं आत्ता?" मी विचारलं.

"मी बोलले," शमीमखाला म्हणाली. "का? काय झालं बेटा?"

तिच्या रोजच्या मराठीत घरातल्या बोलीचं वळण असायचं. ते वाक्य मात्र जसंच्या तसं होतं, चढउतारासकट. तिनं ते इतकी वर्षं ऐकलं होतं की तिला वेगळं बोलावं लागलं नसावं. सुखमती शेवटच्या खांबाला टेकून उभी होती. सगळ्यांचं झाल्यावर ती पुढे आली. खालानं डबी तिरकी केली, बुडावर दोन टिचक्या मारल्या.

बोलायचं टाळण्यासाठी मी काय केलं तर तक्ता नीट केला. त्या वर्षी मोजणी मोबाईलवर करायची होती. आधी फक्त ओळीचे आकडे असायचे. मला वाटलं, बायांना नुसते आकडे म्हणणं बरं नाही, नावं असावीत. म्हणून मी नावांचा एक रकाना वाढवला. गळ जास्त असली की चौकट आपोआप लाल होते. शुक्रवारी तक्ता साहेबांना गेला तेव्हा त्यात एकच लाल चौकट होती आणि तिच्यासमोर सुखमतीचं नाव होतं.

साहेबांचा तासाभरात फोन. "ही पंधरा नंबरची बाई बदला. शेतमालकालाही सांगतो, दुसरं जोडपं बघा म्हणून."

"सर, ती ओळ आधीपासूनच..."

"आधी नाव कुठं होतं? आता आकडेच बोलतायत ना."

चार वर्षांचे आकडे माझ्याकडे होते. त्यात ओळ तीच होती, बाई वेगळी होती. हे एक वाक्य सांगायला मला कितीसा वेळ लागला असता? तोवर साहेब दुसऱ्या प्लॉटबद्दल बोलायला लागले होते. फोन ठेवायच्या आधी मी कसंबसं म्हटलं, "सर, नऊ दिवस द्या. का गळतं ते बघते." आठ दिवसांत फळ दिसतं, आणि एक दिवस मोजायला. ते म्हणाले, "नऊच."

दुसऱ्या सकाळी मी मोजायचं सोडून डबीशेजारी बसले. चार वर्षांत मी फुलं मोजली होती, डबीत कधी डोकावून पाहिलं नव्हतं. खालानं पुडीतली ताजी पावडर डबीत ओतली. डबीत कालची होती.

"जुनी फेकत नाही का?"

"फेकायची?" ती दचकलीच. "बरकत आहे ही, मॅडम. डबी रिकामी करायची नसते. गयाबाईनं बी कधी केली न्हाई."

रोज नवी वर, जुनी खाली. प्रत्येकीनं वरवरची घेतली की तळाची उरायची, आणि ती कालची, परवाची, कधी त्याच्याही आधीची. ऑक्टोबरच्या उन्हात ही पावडर एक दिवस जेमतेम जिवंत राहते. मी तळातली थोडी बोटावर घेतली. ताजी पावडर बोटाला चिकटते, ही गुठळी होऊन घरंगळत होती आणि शिळ्या पिठासारखा वास येत होता. जिच्या मागून कोणी अंगठी बुडवायची नाही ती शेवटी. शेवटी म्हणजे तळातलं. तळातलं म्हणजे मेलेलं. मग फूल गळणार, आणि फूल गळलं की तिचा हातच तसा. तांड्यावरची ती बाई, कौसाबाई, शमीमखाला, सुखमती. मला इतका आनंद झाला की लाज सोडून मी सगळ्यांना बोलावलं आणि समजावून सांगितलं. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यांत लांब भाषण.

खालानं शांतपणे ऐकलं. "मंग तिला पयलं द्यायचं म्हणता?"

"हो. निदान एकदा."

"तिच्या मागून आम्ही न्हाई घेत," दोन नंबरची म्हणाली. तिसरीनं अंगठी काढून ठेवली. मग एकेक करून सगळ्याच दोन दारांतून बाहेर गेल्या आणि बांधावर जाऊन बसल्या. आत उमललेली फुलं तशीच. ती कोणासाठी थांबत नाहीत. सुखमती खांबाशी उभी होती, माझ्याकडे बघत. मी तिला यात ओढलं होतं.

तोड खालानंच काढली. "हिला वेगळी वाटी देते, ताज्या पावडरीची. डबीला हिचा हात लागायचा न्हाई. झालं? पण तळातलं कुणी घ्यायचं? फेकायची तर न्हाई ती."

"मी घेते," मी म्हटलं.

असं ठरलं. पंधराव्या ओळीचा पुढचा अर्धा भाग सुखमतीचा, ताज्या पावडरीवर. मागचा अर्धा माझा, तळातल्यावर. झाडं तीच, ऊन तेच. मला त्यात काही धोका दिसला नाही. मी तर मनातल्या मनात निकालही लिहून टाकला होता.

चार वर्षं मी हे काम शिकवत होते, पण सलग दिवसभर कधी केलं नव्हतं. माझ्या बोटांनी कळ्या मोडायच्या. सुखमती तिच्या अर्ध्यातून येऊन चिमटा कसा धरायचा ते दाखवायची. आम्ही पाठीला पाठ लावून काम करायचो. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन बोलली.

"हमारे गाँव में भी थी एक."

"कोण?"

"ऐसे ही हाथवाली. उसको बीज नहीं छूने देते थे. बोनी के दिन, बीज डालते थे तब, घर में बिठा के रखते थे."

"मग तुला काय वाटायचं?"

तिनं दोन फुलं बुडवली. "मैं भी नहीं छूने देती थी. मेरी माँ ने बोला था."

"ती खरंच तशी होती?"

"पता नहीं मॅडम. कभी छूने ही नहीं दिया."

सातव्या दिवशी माझ्या अर्ध्यातली फुलं सुटायला लागली. हेच होणार हे मला माहीत होतं, तसंच व्हायला हवं होतं. तरी माझ्या पाठीमागे जेव्हा पहिलं पडलं तेव्हा मी वळून पाहिलं. मी मोजत असताना ती फुलं दुसऱ्या कोणाची तरी असायची. ही मी बुडवलेली होती. ज्या फुलाकडे बघावं त्याचा सांधा पिवळा. मी हात शर्टाला पुसला. मग लक्षात आलं की मी हे दिवसभर करते आहे.

नवव्या दिवशी सगळ्या ओळीभोवती जमल्या. मी मोठ्यानं मोजलं. पुढच्या अर्ध्यात देठादेठावर हिरवे वाटाणे. सुखमती एका हातानं पोट धरून उभी होती आणि दुसऱ्या हातानं एकेक फळ नुसतं दाखवत होती, स्पर्श न करता. मागच्या अर्ध्यात जवळजवळ काही नाही. जिथे ती थांबली होती आणि मी सुरुवात केली होती तिथे जणू कोणी रेघ मारली होती.

"बघा," मी म्हटलं. "हात नाही, पावडर आहे. बाई कोणतीही असो, तळातली घेतली की गळणार. माझं गळलं ना?"

दोन नंबरची माझ्या हातांकडे बघत होती. तिच्या शेजारची एक पाऊल मागे सरली, चौदाव्या ओळीच्या बाजूला.

खालानं तोंडावरचा रुमाल खाली केला. "बेटा, बुरा न्हाई ना वाटणार?"

"काय?"

"वाटी वेगळी केली त्याच्या आदल्या सांजेला मी हिची नजर उतरवली. मीठ, सात मिरच्या. ठसका बी आला न्हाई, इतकं होतं तिच्यावर." तिनं सुखमतीकडे पाहिलं. "पोटुशी आहे, खोली जाईल म्हणून रडून राह्यली होती. माझी कुणी उतरवली न्हवती. मी नऊ वर्षं तळातलं घेतलं. म्हटलं, हिची तर उतरवू."

तिनं जे केलं ते मायेनं केलं होतं. माझ्यासाठी कोणी तेवढं केलं नसतं.

"पण खाला, आदल्या दिवशी कसं? वाटी वेगळी करायचं तर त्याच सकाळी ठरलं."

"मला तुमच्या साहेबाचा फोन शेतमालकानं सांगितल्ता. मी त्याच सांजेला केलं."

"आणि ते उतरवलेलं?"

"जातं कुठं तरी. हवेत थोडीच राहतंय. तुम्ही तिच्या बाजूला बसल्ता ना रोज."

"खाला, पावडर होती ती. मेलेली पावडर."

"पावडर बी असंल," ती समजुतीच्या सुरात म्हणाली.

साहेबांना तक्ता पाठवला. पंधरावी ओळ दोन भागांत, एक हिरवा, एक लाल. त्यांचा फोन आला. "सुधारली की! राहू द्या त्या बाईला. मागचा अर्धा कोणाचा?"

"माझा."

ते खूप हसले. "मॅडम, तुमचा हात बघावा लागेल एकदा!"

सुखमतीची जागा राहिली. खोली राहिली. जुनी पावडर रोज संध्याकाळी टाकून द्यायची, हा नियम मी कंपनीच्या सूचनापत्रात घालून घेतला आणि तो आजही पाळतात. त्या ओळीत आता इतर ओळींइतकंच फळ धरतं. एवढ्या एका गोष्टीचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ताजी पावडर बघायला डबीकडे हात नेला. डबीजवळ सुखमती बसली होती. आता ती दोन नंबरच्या शेजारी बसायची. तिनं डबी उचलून पदराखाली घेतली. घाईनं नाही, मला लागू नये अशा हलक्या हातानं.

"मॅडम, आप मत छुओ," ती म्हणाली. मग थोडं हसून, "आप तो लिखनेवाली हो."

मी मोजत राहिले. बाया अजूनही मला चहा द्यायच्या, घरच्यांची चौकशी करायच्या. मी ओळीत शिरले की मात्र दोन्ही बाजूंच्या बाया झाडांवर हात आडवा धरायच्या, ऊन लागू नये तसा. महिन्याभरानं साहेब म्हणाले, बाया म्हणतात मॅडमनं बाहेरून मोजलं तर बरं. त्यांनी ते विनोदानं सांगितलं, पण हंगाम संपायच्या आत मला जालन्याच्या प्रयोगशाळेत घेतलं. मी विरोध केला नाही. एका माणसाची जागा वाचवायची आणि आपली सोडायची, हे ऐकायला मोठं वाटतं. मला तर प्रयोगशाळेतली नोकरी बढतीसारखीच होती. माझ्या मागे कुठली पत्र्याची खोली जाणार नव्हती. सुखमतीला मुलगी झाली. खालानं फोटो पाठवला होता. फोटोत मुलगी गयामावशींच्या मांडीवर आहे.

प्रयोगशाळेत उगवण तपासतात. ओल्या कागदावर शंभर बिया ओळीनं मांडायच्या, कागद गुंडाळायचा, कपाटात ठेवायचा आणि ठरलेल्या दिवशी कोंब मोजायचे. तिथे माझ्यासारख्याच दोघी-तिघी मुली आहेत. कोणी आडनाव विचारत नाही, कारण ते प्रत्येकीच्या ओळखपत्रावर लिहिलेलं आहे.

फेब्रुवारीत त्या शेडनेटचं बियाणं आलं. पाकिटावर प्लॉटचा क्रमांक होता, तो मला पाठ आहे. बिया माझ्या टेबलावर होत्या आणि काम माझं होतं. फूल का गळलं याचं कारण मला माहीत आहे. वर ते मी लिहिलंही आहे, आणि त्यात काही चूक नाही. मी चिमटा उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला म्हटलं, "एवढ्या तू मांडशील का? माझे हात ओले आहेत."

हात कोरडे होते.